चिखलदऱ्याचा उन्हाळा

चैत्र सरत आला की वसमतच्या बाजारात हळदीची आवक वाढते आणि दुपारी अंगणातून अनवाणी चालवत नाही. अशा दिवसांत थंड हवेच्या ठिकाणांचा विषय निघाला, तर आपल्या तोंडी प्रथम महाबळेश्वर येते. परंतु मराठवाड्याच्या इतिहासाशी अधिक जवळचे नाते आहे ते सातपुड्यातील चिखलदऱ्याचे.

हिंगोली आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, या दोन्ही ठिकाणी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावण्या होत्या. त्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा शोध लावला असे सांगितले जाते. पुढे याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 'शोध' हा शब्द मात्र जपूनच वापरावा. शेजारचा गाविलगड बहमनी सुलतानांच्या काळापासून उभा होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो मराठ्यांकडून जिंकून घेतला होता. गडाच्या नावातच गवळ्यांची आठवण आहे आणि कोरकूंच्या वस्त्या तर या डोंगरात पूर्वापार होत्या.

सुमारे १८३९ पासून वऱ्हाडातील अंमलदार व त्यांची कुटुंबे उन्हाळ्यात येथे येऊन राहू लागली. उंची ३,६६४ फूट. एलिचपुराहून घाटवाटेने सुमारे वीस मैल. गाडीरस्त्याने गेल्यास तीस. साहेब लोक घोड्यावर बसून दोन-तीन तासांत चढ चढत. त्यांचे सामानसुमान मात्र उंटांवर आणि लमाणी बैलांवर लादून मागाहून येई. वर बंगले होते, गुलाब फुलत, बटाटा चांगला येई आणि कॉफीही रुजली होती. पुढे जवळच मरियमपूर येथे कॅथलिक मिशनची वसाहत झाली. तेथील कॉफीच्या बागा पाहायला प्रवासी आजही जातात.

या सुखवस्तू दिनक्रमाचा आधार होता पाण्याचा. चिखलदऱ्यावर पाऊस भरपूर, सरासरी ६५ इंचांच्या आसपास. पण काळ्या खडकाचे पठार आणि भोवती खोल दऱ्या, त्यामुळे पाणी ठरत नाही. ते ओढ्यांनी धावत जाऊन अखेर तापीला मिळणाऱ्या पूर्णेत उतरते. (वसमतच्या शिवारांना कालव्याने भिजवणारी पूर्णा निराळी, ती गोदावरीला मिळते.) म्हणून पठारावर आणि गडावर जागोजाग तळी आहेत. गाविलगडावरील तळी ही वेढ्याच्या काळातील शिबंदीची शिदोरीच होती. नळ नसलेल्या त्या दिवसांत बंगल्यातील स्नानाचे, स्वयंपाकाचे आणि गुलाबांचे पाणी कोणाच्या तरी खांद्यावरून किंवा पखालीतून आलेले असणार, हे सांगायला दप्तर उघडण्याची गरज नाही. त्या माणसांची नावे मात्र कोणी टिपून ठेवलेली आढळत नाहीत.

कोरकूंचा उन्हाळा याच डोंगरात वेगळ्या रीतीने जाई. चैत्रात पहाटे उठून मोहाची फुले वेचायची, ती वाळवून साठवायची. मग चारोळी, मग तेंदूपत्ता. होळी हा त्यांचा मोठा सण. ती आटोपली की घरात धान्य नसलेली कुटुंबे मजुरीसाठी मैदानात उतरतात. म्हणजे ज्या महिन्यांत खालची माणसे गारव्यासाठी वर चढतात, त्याच महिन्यांत डोंगराची मुले भाकरीसाठी खालच्या उन्हात येतात. घाट एकच, येणारे आणि जाणारे तेथे एकमेकांना भेटतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत.

इंग्रज गेले, बंगल्यांचे मालक बदलले. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, प्रवासी वाढले. तरीही अलीकडच्या वर्षांतसुद्धा चिखलदरा तालुक्यातील काही गावांना वैशाखात टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागली आहे. पावसाचे माहेर असलेल्या गावाला पाणी विकतचे किंवा वाहून आणलेले मिळावे, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

आपल्यापैकी काही कुटुंबे या सुट्टीत तिकडे जातील. मुलांना तळी, गड आणि कॉफीच्या बागा अवश्य दाखवाव्यात. वाटेत डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया भेटल्या, तर क्षणभर थांबून पाणी किती दुरून आणता, एवढे त्यांना विचारावे. चिखलदऱ्याच्या इतिहासातले गळलेले पान त्यांच्याकडेच आहे.