मावशी, सीप्झ आणि हार्डडिस्क

परवा भाचीचा फोन आला. "मामा, एक्स्टर्नल हार्डडिस्क घेऊ की एसएसडी? स्वस्त हवी आणि फास्टही हवी." उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण आमच्या घरात या विषयाला जुना इतिहास आहे आणि तो चक्क जोगेश्वरीतच सुरू होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

मेघवाडीतून माजसच्या बाजूला चालत गेलं की पुढे सीप्झ. १९७३ साली सरकारनं इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी ही वसाहत उभी केली. नाव सांताक्रूझचं, जागा अंधेरीची, आणि सकाळच्या शिफ्टला डबा घेऊन निघणाऱ्या कितीतरी बायका आमच्या जोगेश्वरीच्या! आता तिथे दागिने आणि सॉफ्टवेअरचं राज्य आहे, पण ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरचे सुटे भाग तिथून थेट अमेरिकेला जात.

त्यातलं मोठं नाव टँडन. जुगी टँडन हे मूळचे भारतीय. त्यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यातले फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे होते. त्यांच्या समूहाचा कारखाना सीप्झमध्येही होता. पुढे १९८८ मध्ये टँडनचा डिस्क ड्राइव्हचा धंदा वेस्टर्न डिजिटलनं विकत घेतला. आज दुकानात या कंपनीची हार्डडिस्क दिसली की मला उगाच आपल्या गल्लीतलं कोणी भेटल्यासारखं वाटतं.

माझी मावशीही सीप्झमध्ये होती. तिचा कारखाना वेगळा, छोटासा. काम काय, तर सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढी तांब्याची तार इवल्याशा हेडवर गुंडाळायची. हे हेड म्हणजे ड्राइव्हचं बोट. फिरणाऱ्या चकतीवर चुंबकानं खुणा करायच्या आणि त्याच परत वाचायच्या, एवढंच त्याचं काम. लहानपणी आम्ही विचारायचो, "मावशी, तू काय बनवतेस?" ती म्हणायची, "काय माहीत बाबा, अमेरिकेत कशाला तरी लावतात." आपण बनवतो ते ज्यात बसतं तो कॉम्प्युटर तिनं प्रत्यक्ष पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, आमच्याच घरी.

तो कॉम्प्युटर मी लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. स्लो लोकल पकडायची, ग्रँट रोडला उतरायचं, चार दुकानांत भाव विचारायचा आणि पाचव्यात घ्यायचं, ही तेव्हाची रीत. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एक फोटोही नाही. मग सीडी रायटर आला, ७०० एमबी! आम्ही श्रीमंत झालो. २००० सालच्या सुमारास पेन ड्राइव्ह आले.

पण खरी क्रांती यूएसबीची. १९९६ मध्ये आलेल्या या जोडणीमागच्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. वेगाचं गणित इथे समजून घ्यायला हवं, कारण खोक्यावर लिहिलेला आकडा बिटमध्ये असतो आणि आपण मोजतो बाइटमध्ये. २००० सालच्या यूएसबी २.० वर लिहिलं होतं ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात मिळायचे सेकंदाला तीसेक एमबी. ५०० जीबी उतरवायला साडेचार तासांहून जास्त. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं आणि वायरीची अडचण संपली, आता अडते ती फिरणारी चकतीच. साध्या हार्डडिस्कला सेकंदाला शंभर एमबी धरले तर तेच काम साधारण दीड तासाचं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. ४०० एमबीचा वेग धरला तर वीस-एकवीस मिनिटं.

मग एसएसडीच घे, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण मध्ये २६ जुलै २००५ येतो.

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. आम्ही तळमजल्यावर. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली जमिनीवर, तेव्हा सगळ्यांचाच असायचा तसा. आजीचे, गावच्या घराचे, मावशीच्या लग्नाचे फोटो मी दोन महिने खपून स्कॅन केले होते. बॅकअप घ्यायची अक्कल होती, सीडीही केल्या होत्या. त्या मी ठेवल्या होत्या त्याच टेबलाच्या खालच्या खणात, मूळ अल्बमांच्या शेजारी. पाणी ओसरल्यावर खण उघडला तेव्हा अल्बमची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. सीडींवर चिखल बसला होता, पुसताना चरे पडले. दोनच वाचल्या. आजीचा एकही फोटो त्यात नव्हता.

पुराचं आणि हार्डडिस्कचं वैर मोठ्या पातळीवरही दिसलं. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर भाव चढले.

तर भाचीला मी काय सांगितलं? रोजच्या कामाला, व्हिडिओ एडिटिंगला एसएसडी घे, छोटी चालेल. घरचं जपायचं असेल तर त्याच पैशांत जास्त जागा देणारी साधी हार्डडिस्क घे, पण एक नाही, दोन. हार्डडिस्क पडली तर गेली. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातलंही हळूहळू पुसलं जाऊ शकतं. म्हणून वर्षातून एकदा दोन्ही लावून बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेव. वेग आणि भाव नंतर.

आमची दुसरी प्रत मावशीकडे आहे, डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. गेल्या दिवाळीत बदलायला गेलो तर तिनं ती फडक्यात गुंडाळून साड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलेली. जाड भिंगांचा चष्मा सावरत तिनं विचारलं, "ह्यात अजून हेड असतं का रे?"

"असतं की. पण आता ते मशीनवर बनतं, तुझ्यासारखं हातानं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरींचे डोळे वाचले."