‘अंग बाहेर येणे’ : दुखणे लपवू नका, घाईने पिशवीही काढू नका

वसई, प्रतिनिधी

सकाळी उठल्यावर काही जाणवत नाही. दिवसभर उभ्याने कामे झाली की संध्याकाळी ओटीपोट जड होते, काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते आणि रात्री आडवे झाल्यावर बरे वाटते. ही तक्रार अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे अंगावर काढतात. तिला कोणी ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, कोणी ‘पिशवी खाली येणे’. हा संसर्गाने होणारा रोग नाही आणि कर्करोगही नाही. वेळेवर दाखवल्यास बहुतेक स्त्रियांना आराम पडतो. मात्र एकीकडे संकोच आणि दुसरीकडे ‘पिशवी काढून टाका’ हा झटपट सल्ला, या दोन टोकांमध्ये योग्य उपचार हरवून जातो.

नेमके काय होते?

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर आणि बंधांवर पेललेले असतात. हा आधार सैल पडला की अवयव योनिमार्गात खाली सरकतात. गर्भाशयच खाली येते असे नाही. योनिमार्गाच्या पुढील भिंतीतून मूत्राशय किंवा मागील भिंतीतून गुदाशय फुगवट्यासारखे पुढे येऊ शकते. गर्भाशय काढलेल्या स्त्रीमध्येही योनिमार्गाचा वरचा भाग खाली उतरू शकतो.

गर्भाशय खाली येण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीत गर्भाशयाचे मुख खाली सरकते, पण आतच राहते. दुसरीत ते योनिमुखापर्यंत येते, तर तिसरीत बाहेर दिसू लागते. शेवटच्या अवस्थेत संपूर्ण गर्भाशय बाहेर येते. उपचार या पायरीवर, स्त्रीच्या वयावर, तिला पुढे मूल हवे आहे का यावर आणि मुख्यतः तिला होणाऱ्या त्रासावर ठरतात. तपासणीत किंचित उतार आढळला, पण त्रास काहीच नसेल, तर उपचाराची गरज नसते.

कारणे कोणती?

योनिमार्गे झालेली प्रसूती हे सर्वांत मोठे कारण. फार लांबलेली प्रसूती, मोठे बाळ, चिमटा लावून केलेली प्रसूती, गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडण्याआधीच जोर करायला लावणे आणि अनेक बाळंतपणे यांनी आधार सैल होतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्री-संप्रेरके कमी झाल्याने ऊती विरळ होतात. म्हणूनच तरुणपणी झालेली इजा अनेकदा पन्नाशीनंतर जाणवू लागते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा आणि सततचे जड ओझे यांमुळे पोटातील दाब वाढतो. काही स्त्रियांच्या ऊती जन्मतःच नाजूक असतात. त्यांना मूल झालेले नसतानाही हा त्रास होऊ शकतो.

वसई-विरार परिसरात या कारणांची चित्रे रोज दिसतात. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथील मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या कोळिणी, भाजी-फुलांचे भारे घेऊन पहाटेची लोकल पकडणाऱ्या बागायतदार स्त्रिया आणि टँकरच्या पाण्याचे हंडे जिन्यावरून चढवणाऱ्या गृहिणी यांच्या पोटावर रोज ताण येतो. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या नोकरदार स्त्रियांना बद्धकोष्ठता जडते आणि शौचाला जोर करावा लागतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे जड ओझे टाळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. ती चैन नव्हे.

मौन किती खोल?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र जेमतेम आठ टक्के होत्या. स्त्री तक्रार करत नाही याचा अर्थ तिला त्रास नाही असा होत नाही, हे या अभ्यासाने दाखवून दिले. शहरात दवाखाना जवळ असला तरी संकोच तोच असतो.

शस्त्रक्रियेआधीचे उपाय

सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. अमेरिकी डॉक्टर अरनॉल्ड केगल यांनी तो १९४८ मध्ये मांडला, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. लघवी आणि वारा एकदम रोखताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच आवळावेत. पाच ते दहा सेकंद धरावे, तितकाच वेळ सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. श्वास रोखू नये, पोट व मांड्या आवळू नयेत. लघवी करत असताना हा व्यायाम करण्याची सवय लावू नये. फरक जाणवण्यास तीन-चार महिने लागतात. शक्य झाल्यास पद्धत फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्यावी. पूर्ण बाहेर आलेले अंग मात्र व्यायामाने आत जात नाही.

दुसरा उपाय म्हणजे पेसरी. ही बहुधा सिलिकॉनची कडी असते. डॉक्टर योग्य मापाची कडी योनिमार्गात बसवतात आणि ती अवयवांना आधार देते. वय किंवा इतर आजारांमुळे शस्त्रक्रिया नको असेल, तर ती वर्षानुवर्षे वापरता येते. अट एवढीच की ठरल्या वेळी ती काढून धुवावी आणि तपासणी करावी. विसरून राहिलेली कडी आत जखम करते.

शस्त्रक्रिया म्हणजे पिशवी काढणेच नव्हे

त्रास जास्त असेल तर सैल झालेल्या भिंती शिवून घट्ट करता येतात. योनिमार्गे गर्भाशय काढून ही दुरुस्ती करणे हा वयस्क स्त्रियांसाठी नेहमीचा मार्ग आहे. पण गर्भाशय राखूनही शस्त्रक्रिया होतात आणि त्यांत मराठी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. मूळचे गोव्यातील आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर तसेच मुंबईचे डॉ. पुरंदरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींत गर्भाशय पट्टीच्या आधाराने वर टांगले जाते. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांसाठी त्या उपयुक्त ठरल्या. योनिमार्गातून बसवण्याच्या कृत्रिम जाळीबाबत मात्र सावध राहावे. गुंतागुंतीच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या कारणासाठी अशा जाळ्यांची विक्री थांबवली.

अनावश्यक शस्त्रक्रियेचा धोका राज्याने पाहिला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजल्यावर २०१९ मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामुळे डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत : माझी पायरी कोणती? व्यायाम किंवा पेसरीने भागेल का? गर्भाशय राखता येईल का? त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता किती? गरज वाटल्यास दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

कुठे आणि केव्हा जावे?

वसईत महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलचे नायर किंवा विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय गाठता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. लघवी अडली, बाहेर आलेला भाग आत जाईनासा झाला, त्यावर जखम झाली, दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला किंवा पाळी थांबल्यानंतर रक्त दिसले, तर मात्र थांबू नये.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड वस्तू उचलू नयेत आणि शरीरसंबंध टाळावेत. या काळात पाण्याचा हंडा घरातील दुसऱ्या कोणी उचलायला हवा. हे दुखणे एकट्या स्त्रीचे नाही. आई, सासू किंवा पत्नी चालताना अवघडत असेल, तर तिला विचारण्याची पहिली जबाबदारी घरच्यांचीच आहे.