सायनसचा फोटो, पण कुठल्या यंत्रावर?

आमच्या गोसीखुर्दला धरणावरचं गार वारं लागलं की घरोघरी 'सर्दी डोक्यात गेली' सुरू होतं. बहुतेकांची वाफ घेऊन उतरते. पण २०२१ मध्ये काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, अख्ख्या महाराष्ट्राला सायनसची धास्ती घातली. तेव्हापासून गालामागच्या या पोकळ्या लोक बघायला शिकले कसे, याचं कुतूहल होतं.

१८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले. १९१५ मध्ये वॉटर्स आणि वॉल्ड्रन यांनी हनुवटी टेकवून, मान मागे करून फोटो काढायची पद्धत सांगितली. तिला अजून 'वॉटर्स व्ह्यू'च म्हणतात. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये हाउन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. गंमत म्हणजे हा गडी नोकरीला होता ईएमआयमध्ये, गाण्याच्या तबकड्यांच्या कंपनीत! सीटीत हाडाची पातळ भिंतही स्वच्छ दिसते, आणि काम झटपट.

मग अडलं कुठे? अ‍ॅटॅक्सिया टेलांजिएक्टेशिया नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. त्यात मुलाचा तोल जातो, डोळ्यांत लाल शिरा दिसतात, आणि प्रतिकारशक्ती कमी असल्याने अनेकांना सायनस-छातीचे संसर्ग पुन्हापुन्हा होतात. म्हणजे ज्याला फोटो वारंवार लागणार, त्यालाच किरण बाधणार! १९६० च्या दशकात अशा मुलांना कॅन्सरसाठी नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिल्यावर भयंकर इजा झाली, तेव्हा हे उमगलं. कारण सापडलं १९९५ मध्ये. तुटलेल्या डीएनएची वर्दी देणारं एटीएम हे जनुकच त्यांच्यात बिघडलेलं असतं.

अशांना एमआरआय सोयीचा. लाउटरबरने १९७३ मध्ये त्याची वाट दाखवली. त्यात क्ष-किरण नाहीत, आणि संसर्ग डोळ्याकडे, मेंदूकडे सरकतोय का तेही चांगलं कळतं. पण लहान मुलाला बराच वेळ निश्चल ठेवायचं तर कधी गुंगी द्यावी लागते. वर मूत्रपिंड नाजूक असेल तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन जपून.

म्हणून आधी नाकात दुर्बीण, मग एमआरआय. पण डोळा सुजलाय, नजर मंदावतेय आणि एमआरआय लगेच मिळत नाही, तर? तेव्हा कमी मात्रेचा एक सीटी पत्करावा. थांबण्यात डोळा जाऊ शकतो, जीवही. पवनी-उमरेडमार्गे नागपूर गाठणाऱ्या आमच्या माणसांना हा हिशेब नुसता पुस्तकी नाही.

असो. घरात असा आजार असेल तर फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा. घाईच्या वेळी तेवढंच कामाला येतं.