सुरम्याच्या खड्याची वंशावळ

ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ च्या डिसेंबरात झाला असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि ती तिथी बिनचूकही आहे. परंतु ज्या घराण्यात तो जन्मला त्या घराण्याची वहिवाट त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली होती. त्यातील एक थोर पूर्वज शोधू गेल्यास तो कोणत्याही कारखान्यात घडवलेला पदार्थ नसून जमिनीतून निघणारा, करड्या रंगाचा, धातूसारखा चमकणारा आणि फोडला असता चौकोनी ठोकळ्यांनी फुटणारा एक खनिज खडा आहे, असे आढळते. या खड्याचे शास्त्रीय नाव गॅलिना. शिसे आणि गंधक यांच्या संयोगाने तो बनतो, आणि सुरमा म्हणून आपल्याकडे जी पूड बाजारात विकली जाते तीत बहुधा हाच असतो.

कुळाची पहिली नोंद मात्र गॅलिनाची नाही. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे यांना असे दिसले की, तापविल्यावर धातूंची विद्युद्वाहकता घटते, तर रुप्याच्या सल्फाइडची उलट वाढते. धातूही नव्हे आणि काचेसारखा रोधकही नव्हे अशी ही मधलीच, म्हणजे अर्धवाहक, जात पाहून त्यांनी तिची नोंद केली. पुढे १८७४ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे शाळेत शिक्षक असलेल्या फर्डिनांड ब्राउन या चोवीस वर्षांच्या तरुणाने गॅलिनासारख्या सल्फाइडांच्या स्फटिकावर तारेचे टोक टेकवून वीज सोडली, तेव्हा ती एका दिशेने सहज वाहते आणि उलट दिशेने अडते, हे त्याला आढळले. संपूर्ण डायोडची विद्या या एका निरीक्षणात सामावलेली होती. परंतु तिचा उपयोग करून घेणारे यंत्रच त्या काळी जगात नव्हते.

तो उपयोग दाखवून देण्याचे श्रेय कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांचे आहे. हर्ट्‌झने विद्युत्तरंगांचे अस्तित्व सिद्ध केल्यानंतर ते टिपण्यासाठी जी साधने प्रचारात आली, त्यांत धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी मुख्य होती; पण तरंग येऊन गेला की कीस एकमेकांना चिकटून बसे आणि नळीला टिचकी मारल्यावाचून पुढील तरंग कळत नसे. केवळ काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर काम करणाऱ्या बोसांना हे साधन पुरेना, आणि अनेक पदार्थ पारखता पारखता ते गॅलिनापाशी येऊन ठेपले. या खड्यावर हलक्या दाबाने टेकवलेले टोक विद्युत्तरंगांप्रमाणेच प्रकाशालाही प्रतिसाद देते, हे त्यांनी हेरले. विद्येवर कोणी मक्ता घ्यावा हे त्यांच्या वृत्तीस मानवणारे नव्हते. तथापि सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंच्या आग्रहावरून ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकी सरकारकडे अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी तो मंजूर होऊन ७,५५,८४० क्रमांकाचे पेटंट त्यांच्या नावे निघाले. अर्धवाहक पदार्थाच्या उपकरणास मिळालेल्या हक्काच्या आरंभीच्या सनदांत या दस्तऐवजाचे स्थान अग्रमानाचे आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेत ग्रीनलीफ पिकार्ड यांनी असंख्य खनिजे पारखून सिलिकनच्या स्फटिकाचे पेटंट घेतले, आणि बोलती नभोवाणी सुरू झाल्यावर खड्याचा रेडिओ घरोघर पोहोचला. पितळेच्या लहानशा वाटीत, अल्प उष्णतेवर वितळणाऱ्या मिश्रधातूत खडा बसवलेला असे; त्यावर, ज्याला मांजराची मिशी म्हणत, त्या बारीक तारेचे टोक टेकवून, कानांना श्रवणिका लावून, स्फटिकाच्या पृष्ठभागावरील चांगली जागा चाचपडत शोधावी लागे, आणि ती सापडून गाणे स्पष्ट ऐकू येते न येते तोच मेजाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून शोध. या यंत्राला ना बॅटरी लागे, ना विजेची जोडणी. येणाऱ्या तरंगांतील शक्तीवरच ते चाले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा जवळपासच्या श्रोत्यांना अशा खड्यावरही कार्यक्रम ऐकता येत.

एक जागा बोलकी आणि शेजारचीच मुकी, असे का व्हावे, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीही नव्हते. म्हणूनच, दुबळ्या प्रवाहाला बळ देण्याची करामत निर्वात नळीने, म्हणजे व्हॉल्व्हने, करून दाखविताच खडा मागे पडला. रशियात ओलेग लोसेव्ह यांनी १९२० नंतरच्या काळात स्फटिकाकडूनही प्रवर्धन करवून घेतले आणि काही स्फटिकांतून उजेड पडतो याचाही बारकाईने अभ्यास केला; पण १९४२ मध्ये वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचा उपासमारीने अंत झाला. या कुळातील ही हानी मला सर्वांत दुःखद वाटते.

खड्याला परत बोलावले ते रडारने. काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगांचे कंपन इतके शीघ्र असते की व्हॉल्व्हला त्यांचा पाठलाग झेपेना, आणि तारेच्या सूक्ष्म टोकाचा स्पर्श तेवढा त्यांना पुरा पडे. म्हणून बेल प्रयोगशाळेतील रसेल ओल हे सिलिकन अधिकाधिक शुद्ध करण्याच्या खटपटीत होते. १९४० च्या फेब्रुवारीत त्यांच्या हाती सिलिकनचा एक असा तुकडा आला की ज्याच्या मध्यातून तडा गेलेला होता, आणि त्यावर दिव्याचा प्रकाश पडताच सुमारे अर्धा व्होल्ट दाब निर्माण होई. कारणाचा छडा लावताना असे दिसले की वितळलेले सिलिकन गोठत असता त्यातील अत्यल्प भेसळ दोन बाजूंना वेगवेगळी साचली होती. एका बाजूचे सिलिकन कापताना येणाऱ्या वासावरून ती भेसळ फॉस्फरसची, हे तेथील धातुशास्त्रज्ञांनी ओळखले. एका बाजूस इलेक्ट्रॉन अधिक, दुसऱ्या बाजूस त्यांची उणीव, आणि दोहोंच्या मध्ये तो अडसर, हाच पी-एन संधी होय. गॅलिनाच्या जागा बोलक्या आणि मुक्या का, याचाही उलगडा याच विद्येने झाला, कारण निसर्गतः त्या खड्यात कोठे शिसे अंमळ जास्त तर कोठे गंधक जास्त, असा फरक असतो.

१६ डिसेंबर १९४७ रोजी जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या पाचरीवर सोन्याचा पत्रा चिकटवून, तो टोकाशी पात्याने चिरून, जर्मेनियमच्या ठोकळ्यावर दाबला आणि प्रवर्धन मिळविले. एका टोकाऐवजी दोन टोके, एवढाच त्या रचनेत आणि मांजराच्या मिशीत बाह्यतः फरक होता. पुढील काही वर्षांत बेल प्रयोगशाळेतील विल्यम फॅन यांच्या पद्धतीने जर्मेनियम इतके शुद्ध होऊ लागले की हजार कोटी अणूंमागे परक्याचा एखादाच अणू उरावा. गुण नवा नव्हता. तो कोठे, किती आणि का हे सांगता येण्याइतकी शुद्धता नवी होती, आणि आजच्या सर्व चिपांचा पाया हीच शुद्धता आहे.

या वंशावळीत बोसांचे नाव आपण आपल्या अभिमानापोटी घुसडलेले नाही, याचा दाखला त्याच घराण्याच्या दफ्तरात आहे. १९५५ मध्ये पिअरसन आणि खुद्द ब्रॅटन यांनी अर्धवाहक-संशोधनाचा जो इतिहास लिहिला, त्यात रेडिओ-तरंग टिपण्यासाठी अर्धवाहक स्फटिकाचा पहिला उपयोग बोसांचा, असे त्यांनी नमूद केले आहे. आपल्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी अर्धवाहकांच्या प्रकरणात ही नोंद घ्यावी आणि विद्यार्थ्यांच्या हाती एकदा तरी गॅलिनाचा खडा द्यावा.