खुब्याचा सांधा सैल का होतो? कारण शोधण्याचा इतिहास

संशोधनाची तयारी करताना 'जोखीम घटक' हा शब्द तुम्ही शंभर वेळा वाचाल. 'अमुक घटकामुळे धोका वाढतो' असं वाक्य दिसलं की आपण ते वहीत उतरवून मोकळे होतो. पण तो घटक कोणी, कोणाला मोजून, किती वर्षं थांबून शोधला? आज खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचं उदाहरण घेऊन हे बघू.

खुब्यात मांडीच्या हाडाचं गोल डोकं आणि कमरेच्या हाडातली वाटी असते. सांधा झिजला की दोन्ही बदलतात. नवा सांधा बहुतेकांना पंधरा-वीस वर्षं किंवा जास्तही साथ देतो. काहींचा मात्र जंतुसंसर्ग नसतानाही हाडातली पकड सोडतो.

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. सुरुवातीचे निकाल उत्तम होते. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि भोवतीच्या ऊतींना सूज येऊ लागली. चार्नली यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्याच मांडीत घालून शरीर काय करतं ते पाहिलं. १९६२ च्या नोव्हेंबरपासून ते पॉलिथिलीनकडे वळले. एका वर्षाचा निकाल पाहून थांबले असते तर टेफ्लॉन 'यशस्वी' ठरलं असतं.

पुढे सांध्याभोवतीचं हाड विरघळताना दिसू लागलं. दोष सिमेंटवर आला, त्याला 'सिमेंट रोग' असं नावही पडलं. मग बिनसिमेंटचे सांधे आले आणि हाड त्यांच्याभोवतीही विरघळलं! म्हणजे सिमेंट हा एकटा आरोपी नव्हता. झिजेतून सुटलेले बारीक कण पेशी गिळतात, त्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतात आणि पकड सुटते, असं हळूहळू स्पष्ट झालं. कमी वय, पुरुष असणं, जास्त हालचाल, वाटी चुकीच्या कोनात बसणं, झिजणारं साहित्य हे आज मान्य असलेले घटक या साखळीत नीट बसतात. तरुण माणूस जास्त चालतो, म्हणून जास्त झीज.

हे कळलं कारण कोणीतरी मोजत राहिलं. स्वीडनने १९७९ मध्ये खुबाबदलाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणता सांधा कोणाला बसवला आणि पुन्हा शस्त्रक्रिया कधी लागली, एवढंच त्यात नोंदायचं. पण ते सगळ्यांचं आणि सतत.

आता आपल्याकडे या. डीप्यू कंपनीचा 'एएसआर' हा धातूवर धातू घासणारा सांधा. त्याची वाटी उथळ होती. ती जरा तिरकी बसली तरी कडेवर भार येऊन कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ मध्येच त्याच्या पुनर्शस्त्रक्रिया जास्त दिसल्या आणि २००९ च्या अखेरीस तिथे तो मागे घेतला गेला. ब्रिटनच्या आकड्यांत पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के सांधे बदलावे लागले होते. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला.

भारतात २००४ ते २०१० या काळात असे सुमारे ४,७०० सांधे बसले. मुंबईतल्या रुग्णांनी पाठपुरावा केला, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली. केंद्राने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. समितीपुढे आलेला आकडा नीट वाचा: माग लागलेले रुग्ण १,०८० च्या आसपास. उरलेल्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांचा पत्ताच नाही. २०१८ मध्ये भरपाई ठरली, पण पत्ताच नसलेल्या रुग्णापर्यंत ती पोचणार कशी?

आता कल्पना करा. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याच्या एका शेतकऱ्याचा खुबा पुण्यात बदलला. बारा वर्षांनी मांडी दुखायला लागली. कागद हरवलेत, सांध्याची कंपनी माहीत नाही. तो 'वय झालं' म्हणून गोळ्या घेतो आणि काठी धरतो. त्याचा सांधा सैल झालाय, पण पुन्हा शस्त्रक्रिया झालीच नाही, म्हणून हिशेबात तो 'टिकलेला' सांधा! पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण बरा आहे असं धरलं की आकडे गोड दिसतात. शिवाय उकिडवं बसून खुरपणी करणारा माणूस परदेशी नोंदवह्यांत क्वचितच भेटतो. त्यांचे घटक त्याला जसेच्या तसे लागू होतील का, हे मोजल्याशिवाय कसं सांगणार?

म्हणून कोणताही प्रबंध वाचताना तीन प्रश्न विचारा. शेवट म्हणून काय मोजलं: दुखणं, एक्स-रेवरचं सैलपण की पुनर्शस्त्रक्रिया? किती वर्षं मोजलं? आणि किती जण मधेच सुटले? तिसऱ्याचं उत्तर बहुतेकदा एखाद्या तक्त्याखाली बारीक अक्षरात असतं. वाचन तिथून सुरू करा.