वृद्धापकाळातील नैराश्य

वृद्धापकाळातील नैराश्य हा साधारणतः साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये आढळणारा मनोविकार होय. यात दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहते किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरत नाही. जोडीने झोप, भूक, उत्साह व एकाग्रता यांवर परिणाम होतो. जोडीदाराच्या निधनानंतरचा शोक किंवा निवृत्तीनंतरची अस्वस्थता म्हणजे नैराश्य नव्हे, मात्र त्यांतून ते उद्भवू शकते. नैराश्य हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग नसून त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.

‘वय झाले, असे व्हायचेच’ हा समज निदानातील मोठा अडथळा ठरतो. २०१७-१८ मध्ये भारतात झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठ वर्षांवरील सुमारे ८.३ टक्के व्यक्तींत तीव्र नैराश्याची शक्यता आढळली. तसे निदान झाल्याचे सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते.

लक्षणे व निदान

वृद्ध रुग्ण ‘मी उदास आहे’ असे क्वचितच सांगतो. अंगदुखी, बद्धकोष्ठता, पहाटे लवकर येणारी जाग, अन्नावरची वासना उडणे, चिडचिड अशा तक्रारी पुढे येतात व तपासण्या शरीराच्याच होत राहतात. काही रुग्णांत विसराळूपणा इतका वाढतो की स्मृतिभ्रंशाचा संशय येतो. नैराश्यग्रस्त व्यक्ती बहुधा आपल्या विसरण्याची स्वतःच तक्रार करते व प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर देते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सहसा चूक झाकण्याचा प्रयत्न करतो. दोन्ही विकार एकत्रही असू शकतात. थायरॉइडची कमतरता, ब१२ जीवनसत्त्वाचा अभाव, पक्षाघात व पार्किन्सनचा आजार यांचीही शहानिशा करावी लागते. चाळणीसाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांची वृद्धांसाठीची नैराश्य-मापनश्रेणी वापरतात. तिचे ३० व १५ प्रश्नांचे प्रकार प्रचलित आहेत.

नकारात्मक विचारांच्या सवयी

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात असे मांडले की, नैराश्यात व्यक्ती स्वतःविषयी, जगाविषयी व भविष्याविषयी ठरावीक नकारात्मक पद्धतीने विचार करते. मुलाचा फोन आला नाही की ‘मी कोणालाच नको आहे’ असा अर्थ लावणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. याच वळणाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडली, मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ती मराठी वाचकांना परिचित आहे.

वृद्धांच्या बाबतीत एक भेद महत्त्वाचा आहे. त्यांच्या अनेक हानी खऱ्या असतात, त्यामुळे ‘चांगला विचार करा’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो, प्रसंगी दुखावतोही. गुडघे दुखतात हे वास्तव. ‘म्हणून मी घरावर ओझे आहे’ हा निष्कर्ष. उपचारात तपासला जातो तो निष्कर्ष.

दिनचर्या

बाहेर जाणे बंद झाले की भेटीगाठी कमी होतात, दुपारची झोप लांबते, रात्रीची उडते आणि जागरणात तेच विचार घोळत राहतात. ‘मन लागले की फिरायला जाईन’ हा क्रम येथे उलटा करावा लागतो: आधी ठरलेल्या वेळी लहानशी कृती, मग हळूहळू मन. कट्टा, भजनी मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ यांचा उपयोग याच कारणाने होतो.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेशी संबंधित संशोधकांनी नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी त्यांना अडचणी सोडवण्याची रीत, झोपेची शिस्त व जुन्या आजारांची काळजी शिकवली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात या गटातील सुमारे ४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटातील सुमारे १४ टक्के व्यक्तींना तीव्र नैराश्य आले.

उपचार

मध्यम व तीव्र नैराश्यात मानसोपचारासोबत औषधे दिली जातात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. वृद्धांमध्ये मात्रा कमी ठेवून सुरुवात करतात. काही औषधांनी रक्तातील सोडियम घटते, तर काहींनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. औषध स्वतःहून थांबवू नये. ‘आता जगून काय करायचे’ असे उद्गार वयाला साजेसे मानून सोडून देणे धोक्याचे असते, कारण वृद्धांचे आत्महत्येचे प्रयत्न तरुणांच्या तुलनेत अधिक वेळा प्राणघातक ठरतात. भारतात ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.