विषाचे विघटन करणारी भुकटी

घातक रसायन सांडले, की त्यावर वाळू, माती वा लाकडाचा भुसा टाकणे हा जुना उपाय. हे पदार्थ विष शोषून धरतात. मात्र विष विषच राहते. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सरीन या मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषाचा हल्ला झाला, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफांनी रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिकांनाही बाधा झाली. विष नुसते टिपून भागत नाही, ते जागीच मोडावे लागते.

अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केनेथ क्लाबुंडे यांचे संशोधन त्याआधीपासूनच या दिशेने सुरू होते. त्यांनी निवडलेला मॅग्नेशियम ऑक्साइड हा पदार्थ तसा साधाच. आम्लपित्तावरील औषधांतही तो आढळतो. किमया आहे ती आकाराची. विशिष्ट पद्धतीने केलेल्या भुकटीतील स्फटिक सुमारे ४ नॅनोमीटरचे असतात (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). अशा १ ग्रॅम भुकटीचे पृष्ठफळ सुमारे ५०० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या सहा मैदानांएवढे भरते! शिवाय स्फटिक जितका लहान, तितके त्याच्या कडा-कोपऱ्यांवरील अणूंचे प्रमाण अधिक, आणि हेच अणू रासायनिक क्रियेस सर्वाधिक उत्सुक असतात. सरीनचा रेणू तेथे चिकटला, की त्यातील फॉस्फरस व फ्लोरिन यांचा बंध तुटतो. रेणूचा घातकपणा याच बंधात असतो. उरलेले तुकडे भुकटीलाच जखडून राहतात.

जिवाणूंच्या बाबतीत लढाईची रीत वेगळी आहे. या कणांवर धन विद्युतभार असतो, तर जिवाणूच्या बाह्य आवरणावर एकंदरीत ऋण. त्यामुळे कण आपोआप त्याला बिलगतात आणि आवरण फाटते. टणक कवचातील बीजाणू मात्र इतक्याने दाद देत नाहीत. क्लाबुंडे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कणांवर क्लोरिन किंवा ब्रोमिन चढवले होते, आणि अशा कणांनी बॅसिलस कुळातील बीजाणूही मारले. अँथ्रॅक्सचा जिवाणू याच कुळातला. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून पाठवलेल्या त्याच्या बीजाणूंनी ५ जणांचा बळी घेतला होता. तेव्हा वॉशिंग्टनमधील सिनेटची एक इमारत निर्जंतुक करण्यासाठी क्लोरिन डायऑक्साइड वायू सोडावा लागला आणि ती काही महिने बंद राहिली.

मॅग्नेशियम व टायटॅनियमच्या ऑक्साइडांची अशी भुकटी पुढे ‘फास्ट-ॲक्ट’ या नावाने बाजारात आली. सांडलेल्या द्रवावर ती अग्निशामक यंत्रासारख्या नळकांड्यातून फवारता येते. तथापि तिला जादूची पूड मानणे चुकीचे ठरेल. विष मोडताना भुकटीचा पृष्ठभाग खर्ची पडतो. म्हणून विष जितके जास्त, तितकी भुकटीही जास्त लागते. शहरावर पसरलेल्या वायूच्या ढगापुढे तिचा फारसा उपयोग नाही. उघड्यावर राहिल्यास ती हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडही शोषू लागते. त्यामुळे वापराच्या क्षणापर्यंत ती हवाबंदच ठेवावी लागते.